डॉक्टरांना न सांगितलेले औषध

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी शिबिर झाले. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन अशी साधीच तपासणी होती. नावनोंदणीच्या टेबलावर आमच्यातली दोघे-तिघे बसली होती. कागदावर एक रकाना होता : सध्या कोणती औषधे चालू आहेत? लोक सांगत होते, आम्ही लिहीत होतो. बीपीची गोळी. साखरेची गोळी. काही नाही.

दुपारी एक आजी तपासणी आटोपून पुन्हा आमच्या टेबलापाशी आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि आमच्यातल्या मुलीला हळूच विचारले, "बाई, ही पुडी आन् साखरेची गोळी, दोन्ही संगं चालतेत का?" पुडी आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडची होती, गुडघेदुखीसाठी. आजी ती चार महिन्यांपासून घेत होत्या. आत डॉक्टरांना सांगितले का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "त्यांनी इचारलं कुठं? आन् सांगितलं तर रागावतेत."

त्यानंतर आम्ही प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारू लागलो : याशिवाय दुसरे काही घेता का? काढा, तेल, मुळी, साखरेच्या गोळ्या, काहीही? आणि पिशव्या उघडू लागल्या. कुणाचे होमिओपॅथी चालू होते, कुणाचा सकाळचा कारल्याचा रस, कुणाकडे टीव्हीवर पाहून मागवलेली बाटली. नोकरीतल्या एका तरुणाने पाठदुखीसाठी योगवर्ग लावला होता. एका आईने सिकलसेलच्या मुलासाठी दूरच्या गावाहून झाडपाल्याचे औषध आणले होते. सकाळी याच लोकांच्या कागदावर आम्ही 'काही नाही' असे लिहिले होते.

आरोग्याच्या या पानावर आज आपण याच विषयावर बोलणार आहोत. असे उपचार कोण घेते, का घेते आणि घेताना काय सांभाळावे?

पूरक म्हणजे काय, पर्यायी म्हणजे काय

दवाखान्यातल्या उपचाराच्या जोडीला आणखी काही घेतले, तर तो पूरक उपचार. दवाखान्यातला उपचार सोडून त्याच्या जागी दुसरे घेतले, तर तो पर्यायी उपचार. औषध एकच असले तरी ते कसे घेतले यावर नाव बदलते. मधुमेहाची गोळी चालू ठेवून रोज योगासने केली, तर योग पूरक झाला. योग सुरू केला म्हणून गोळी बंद केली, तर तोच योग पर्यायी झाला. पुढे जे काही सांगायचे आहे, ते याच फरकावर उभे आहे.

आपल्या देशात आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धतींना सरकारी मान्यता आहे. त्यांच्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे. त्यांची महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत, नोंदणी आहे. याच्या बाहेर हाडवैद्य, वैदू, जडीबुटीवाले, नस चोळणाऱ्या बाया असा मोठा वर्ग आहे. त्यांच्याकडे पदवी नसते, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा असतो. आणि त्याच्याही पलीकडे भगत, मांत्रिक, अंगारा, गंडा-दोरा. या शेवटच्या गोष्टींना आम्ही उपचार म्हणत नाही. पण घरात आजारी माणूस असताना लोक या सगळ्या दारांतून फिरतात, हे नाकारून चालणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. वस्तीतल्या किंवा खेड्यातल्या दवाखान्यात बसणारे डॉक्टर पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतात आणि देतात मात्र इंजेक्शन, सलाईन, अँटिबायोटिक. त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे आणि हातात कोणते औषध पडले, याचा मेळ रुग्णाला लागत नाही. "मी आयुर्वेदिक घेतो" असे सांगणारा माणूस प्रत्यक्षात दोन्ही घेत असतो, तेही नकळत.

कोण जाते?

"अडाणी लोक जातात" असे उत्तर चटकन दिले जाते. आकडे तसे सांगत नाहीत.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात आयुषविषयी पहिल्यांदाच देशभर स्वतंत्र पाहणी केली. मागच्या ३६५ दिवसांत आजार टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी आयुषचा वापर केला, असे ग्रामीण भागातल्या सुमारे ४६ टक्के लोकांनी सांगितले. शहरात हे प्रमाण सुमारे ५३ टक्के होते. म्हणजे खेड्यापेक्षा शहरात जास्त. सर्वांत जास्त वापर आयुर्वेदाचा होता. आणि बहुतांश वापर हा प्रकृती चांगली राहावी, आजार होऊ नये यासाठी होता.

याच सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत वेगळा प्रश्न होता : आजारी पडल्यावर कोणता उपचार घेतला? तेव्हा खेड्यात काय, शहरात काय, सुमारे ९५ टक्के आजारांसाठी लोकांनी अ‍ॅलोपॅथीचाच उपचार घेतला होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सर्दीला काढा, सांध्यांना तेल, थकव्याला चूर्ण हे निम्म्या देशात चालते. पण ताप चढला, छाती भरली की लोक सुई-गोळीच्या डॉक्टरकडेच जातात. एक सोडून दुसरे धरणारे थोडे आहेत. दोन्ही धरणारे पुष्कळ आहेत.

हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत डेव्हिड आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेली पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात निदान एक तरी वेगळा उपचार घेतला, असे ३४ टक्के लोकांनी सांगितले. हे लोक तुलनेने जास्त शिकलेले आणि जास्त कमावणारे होते. त्यांतल्या बहुतेकांनी गंभीर आजारासाठी नेहमीच्या डॉक्टरचा उपचारही घेतलाच होता. पण वेगळे उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरला सांगितलेच नव्हते. पुढे १९९८ मध्ये जॉन अ‍ॅस्टिन यांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांना दिसले की बहुतेक लोक दवाखान्यावर चिडून तिकडे वळलेले नसतात. आपल्या आवडीनिवडीशी, जगण्याच्या कल्पनांशी तो उपचार जुळतो, म्हणून ते वळतात. फक्त वेगळ्या उपचारांवरच भिस्त ठेवणारे लोक त्यांना ५ टक्क्यांहूनही कमी आढळले.

पदराच्या गाठीत पुडी बांधणाऱ्या आमच्या आजी आणि अमेरिकेतला तो शिकला-सवरलेला माणूस एका बाबतीत सारखेच आहेत. दोघेही दोन्हीकडची औषधे घेतात आणि दोघेही डॉक्टरला सांगत नाहीत.

का जाते?

पहिले कारण जुनाट दुखणे. गुडघे, कंबर, संधिवात, दमा, त्वचेचे विकार, मधुमेह. या आजारांत डॉक्टर "गोळी कायम घ्या" असे सांगतात. 'कायम' हा शब्द ऐकणे जड जाते. कुणी "तीन महिन्यांत मुळापासून घालवतो" असे म्हटले की माणूस त्याच्याकडे ओढला जातो. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. लेकराला रात्री-बेरात्री हाडे ठणकून रडताना पाहणारी आई दहा दारे ठोठावणारच. तिला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तिच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

दुसरे कारण वेळ, पैसा आणि अंतर. मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, सोबतीला माणूस लागतो. चिठ्ठी काढायची एक रांग, डॉक्टरांची दुसरी, तपासणीची तिसरी, औषधाची चौथी. रक्ताचा अहवाल उद्या, म्हणजे उद्याचीही मजुरी गेली. उलट वैदू संध्याकाळी कामावरून आल्यावर भेटतो, उधारीवरही देतो. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, ही मोठीच सोय आहे. पण बुडालेली मजुरी कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेली नसते.

तिसरे कारण मान. यावर आपल्याला थोडे थांबावे लागेल. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. ती १९२९ च्या डिसेंबरमध्ये 'यंग इंडिया'त पत्ररूपाने छापून आली होती. बाळंत झालेली पत्नी आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. दोन रुपये फी ठरली आणि बाईला वस्तीबाहेर आणा, मग तपासतो, अशी अट पडली. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. ते परतही त्याच वाटेने गेले. हात न लावताच न्यूमोनियाचे निदान झाले. पुढे तो डॉक्टर आलाच नाही आणि ती बाई मेली.

तो काळ गेला, असे आपण म्हणतो. पण २०१० मध्ये संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांच्या आरोग्यसेवेचा अभ्यास मांडला. तपासताना हात लावणे, औषध हातात देणे, बोलणे, वेळ देणे अशा साध्या साध्या गोष्टींत भेदभाव होतो, असे त्यात पुढे आले. आमच्या शिबिरातही लोकांनी जातीचे नाव न घेता हेच सांगितले. "वर बघून पण बोलत नाहीत." "पाच मिनिटं ऐकून घेत नाहीत." याउलट होमिओपॅथीचे डॉक्टर तासभर बसवून झोप कशी लागते, स्वप्ने कोणती पडतात, हेही विचारतात. वैदू नाडी धरतो, दुखऱ्या जागी हात ठेवतो. ज्याला कुणी हात लावत नव्हते अशा समाजाला त्या हाताचे मोल जास्त वाटले, तर त्यात नवल काय?

चौथे कारण भीती आणि लाज. ऑपरेशनची भीती, इन्सुलिनची भीती, "अ‍ॅलोपॅथी गरम पडते" ही समजूत. आणि लाज कशाची? मूल न होणे, पांढरे जाणे, गुप्तरोग, नवऱ्याचे दारूचे व्यसन, घरातला मानसिक आजार. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत या गोष्टी मोठ्याने बोलता येत नाहीत. म्हणून भिंतीवरची जाहिरात वाचून माणूस गुपचूप जातो. सर्वांत जास्त लूट इथेच होते.

पाचवे कारण सगळ्यांत साधे : कुणाला तरी गुण आलेला असतो. शेजारीण सांगते, मामा सांगतात, आता मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात.

गुण येतो, तो कशाने?

"पण मला खरोखर गुण आला" असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला गुण आलेला असतो. तो कशाने आला, एवढाच प्रश्न असतो.

कावीळ घ्या. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक लोकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मधल्या काळात ज्याने मुळी दिली, ज्याने गळ्यात माळ घातली, त्याला श्रेय मिळते. काही जण हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीने हात धुवायला लावतात आणि पिवळे झालेले पाणी दाखवतात. तो पिवळेपणा साल आणि चुना एकत्र आल्याचा असतो, अंगातल्या काविळीचा नसतो. निरोगी माणसाचे हात धुतले तरी पाणी पिवळेच होते. मात्र हेपेटायटिस 'ई'ची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तिथे पाण्याचा रंग पाहत बसलो तर दोन जीव जातात.

सापाचेही तसेच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात उतरतेच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेली पुष्कळ माणसे वाचतात आणि त्याचा बोलबाला होतो. जी वाचत नाहीत त्यांच्याबद्दल "उशिरा आणले" असे म्हटले जाते.

संधिवात आणि सिकलसेल यांचा स्वभाव चढ-उताराचा असतो. दुखणे फार वाढले की माणूस नवे औषध शोधतो. वाढलेले दुखणे पुढे ओसरणारच असते. ते ओसरले की नव्या औषधाचे नाव होते. त्यात कुणी आपुलकीने बोलले, विश्वास दिला, तर वेदना खरोखरच कमी जाणवतात. हा मनाचा भ्रम म्हणून हसण्यावारी नेऊ नये. पण त्याने हाडाची झीज थांबत नाही आणि रक्तातली साखरही उतरत नाही.

मग सगळा झाडपाला फोल आहे का? तसेही नाही. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम पद्धतशीर तपासला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर ही आपली मुळी जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाली. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या वैद्यकग्रंथांतल्या वनस्पतीतून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन वेगळे काढले. त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. तपासणीत जे टिकले ते औषध झाले. किती मात्रा, कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हे ठरले. जुनाट कंबरदुखीत योगासनांचा उपयोग होतो, हेही अभ्यासांतून दिसले आहे आणि डॉक्टर स्वतः तो सल्ला देतात.

आपल्या परंपरेतली जीवकाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. तक्षशिलेला आचार्यांनी त्याला औषधाच्या उपयोगाची नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितली आणि तो रिकाम्या हाताने परतला. झाडपाला विकणारे ही गोष्ट हौसेने सांगतात. पण जीवकाची ओळख तेवढीच नाही. विद्या पुरी करायला त्याने सात वर्षे घालवली. रोग्याला पाहून तो औषध ठरवी आणि गरज पडेल तिथे शस्त्रक्रियाही करी, अशाच त्याच्या कथा आहेत.

घात कुठे होतो?

पहिला घात उशिराने होतो. छातीतली गाठ चार महिने लेपाखाली राहते. टीबीचा खोकला काढ्यावर काढला जातो, तोवर घरातल्या पोरांना लागण होते. निसर्गोपचाराचे मोठे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियाच करावी लागली. काही आजार वाट पाहत नाहीत.

दुसरा घात चालू औषध बंद केल्याने होतो. सिकलसेलच्या मुलाचे हायड्रॉक्सियुरिया "आता हे सुरू केले ना" म्हणून थांबवले जाते. इन्सुलिन सोडले जाते. फिटची गोळी सोडली जाते. चार दिवस काही होत नाही, म्हणून धीर येतो आणि पाचव्या दिवशी धावपळ होते.

तिसरा घात पुडीत दडलेला असतो. दुखण्यावरच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. म्हणून तर दोन दिवसांत सूज उतरते, भूक लागते, चेहरा भरल्यासारखा दिसतो. पुढे साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. असे औषध बरेच दिवस घेऊन एकदम बंद करणेही धोक्याचे असते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली, तेव्हा १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. मूत्रपिंडावर आणि लहान मुलांच्या मेंदूवर या धातूंचा वाईट परिणाम होतो.

चौथा घात "झाडाचे आहे, अपाय नाही" या समजुतीने होतो. घशासाठी ज्येष्ठमध थोडे दिवस ठीक. पण रोज, महिनोन्‌महिने, जास्त घेतले तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते. साखरेच्या गोळीसोबत कारल्याचा रस किंवा साखर उतरवणारी चूर्णे घेतली तर साखर नको तेवढी उतरून चक्कर येऊ शकते. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. दोन्ही बाजू ऐकल्या तरी आपल्यासाठी धडा एकच निघतो. काय घेतो, किती घेतो आणि ती नेमकी कोणती वनस्पती आहे, हे माहीत असल्याशिवाय घेऊ नये.

दवाखान्यानेही शिकावे

सगळा दोष रुग्णावर टाकून चालणार नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण आहे. कोकणात विंचवाच्या दंशाने लेकरे दगावत आणि लोक मांत्रिकाकडे जात. त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून ही मरणे थोपवता येतात, हे दाखवून दिले. जवळच्या दवाखान्यात खात्रीचा उपचार मिळू लागला की मंत्राचा जोर आपोआप कमी होतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हे त्यांनाच विचारले. मग गावासारखा दिसणारा आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येईल असा दवाखाना उभा केला. त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले.

माणसाला उपचार जवळ, परवडणारा आणि मानाने मिळाला तर तो आडवाटेने जात नाही. आपल्या वस्तीत आरोग्य केंद्र हवे, त्यात औषधे हवीत, बोलणारे डॉक्टर हवेत, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे. बाजारातल्या पुडीवाल्यावर नुसते हसण्याने ती पुरी होणार नाही.

आपण काय करावे?

एक वही ठेवा. घरातल्या प्रत्येक रुग्णाची औषधे तिच्यात लिहा. दवाखान्याच्या गोळ्या, काढा, चूर्ण, तेल, होमिओपॅथी, सगळे. नाव ठाऊक नसेल तर पुडी किंवा बाटलीच सोबत न्या. डॉक्टर विचारोत वा न विचारोत, वही पुढे करा. डॉक्टर रागावले तर शांतपणे म्हणा, "साहेब, लपवण्यापेक्षा सांगितलेलं बरं." गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, लहान मूल, मूत्रपिंडाचा वा यकृताचा रुग्ण आणि ऑपरेशन ठरलेला माणूस यांनी तर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये.

उपचार करणाऱ्याला चार प्रश्न विचारा. तुमची नोंदणी कुठे आहे? या औषधात काय आहे? किती दिवसांत फरक दिसेल आणि नाही दिसला तर पुढे काय? माझे चालू औषध बंद करावे लागेल का? शेवटच्या प्रश्नाला "हो, सगळे बंद करा" असे उत्तर आले तर उठून या. लेबल, परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्याचे नाव नसलेले औषध घेऊ नका. "शंभर टक्के खात्री" देणाऱ्यापासून दूर राहा. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लकवा असे आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपचारविषयक कायद्याने बंदी आहे. तशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

काही वेळा एक तासही दवडू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावणे. छातीत कळ, दम लागणे. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे. फिट येणे. गरोदरपणातला वा बाळंतपणातला रक्तस्राव. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप. अशा वेळी १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. कुत्रा चावल्यावर जखम आधी पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि मग लस घ्यायला जा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही असेच धरा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडा-दोरा करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सिकलसेलची तपासणी करून घ्या. लग्नाआधी तर नक्कीच. दोघेही 'एएस' म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारांत एक असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले आहे. गोळ्या बंद न करता योग, व्यायाम, मालिश, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणूक यांची जोड जरूर द्यावी. मात्र व्यायाम डॉक्टरांना विचारून आणि दमछाक न होईल एवढाच करावा.

मनाचा आजार आणि व्यसन यांची लाज बाळगू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आणि आपण, जे थोडे शिकलो आहोत, त्यांनी एक पथ्य पाळावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पुडीवर हसू नये. हसलो की पुडी पदराआड जाते आणि मग तिच्यातून काय चालले आहे, हे कुणालाच कळत नाही.

त्या दिवशी आम्ही आजींना घेऊन पुन्हा डॉक्टरांच्या टेबलाशी गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पुडी उघडली, हुंगून पाहिली, किती दिवस घेता, चेहरा सुजल्यासारखा कधीपासून आहे, असे विचारत गेले. साखर का वाढतेय याचा एक धागा त्यांना तिथे सापडला. पुडी एकदम बंद करू नका, कमी कशी करायची ते मी सांगतो, असे म्हणून त्यांनी तपासण्या लिहून दिल्या आणि गुडघ्यांसाठी दोन सोपे व्यायाम तिथेच करून दाखवले. बाहेर येताना आजी म्हणाल्या, "आधीच इचारलं असतं तर चार महिने गेले नसते."

पुढच्या शिबिराच्या कागदावर आम्ही तो दुसरा प्रश्न छापून घेतला आहे. तुमच्या विहारात शिबिर ठेवाल, तेव्हा तुम्हीही छापा : याशिवाय दुसरे काही घेता का? आणि विचारताना आवाजात राग नको.